लाल रंगाचा हापसा

बोलणं मला जमत नाही. बायको म्हणते, तुमच्याकडून काही काढून घ्यायचं म्हणजे आटलेल्या बोअरवर हापसत बसायचं. हात भरून येतात, पाणी येत नाही. तिचं खरं आहे. पण जी गोष्ट मी एक अख्खा पावसाळा पोटात धरून बसलो होतो, ती ज्यांना सांगायची त्यांना सांगून झाली आहे. म्हणूनच आता ती लिहिता येते.

मी परभणीत पाणी तपासण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. गावोगावच्या विहिरींचं, बोअरचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येतं. आम्ही ते तपासतो आणि पिण्यास योग्य की अयोग्य ते कळवतो. जे अयोग्य, त्याला आमच्या भाषेत दूषित म्हणतात. हा शब्द आमच्याकडे चहा पिता पिता वापरला जातो. ‘हे दूषित, तेही दूषित, पुढची बाटली दे.’ त्यात राग नाही, दोष नाही. माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यात असायला हवेत ते जंतू पाण्यात सापडले, म्हणजे कुठून तरी घाण झिरपली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ब्लीचिंग पावडर टाका, गळती बुजवा, पुन्हा तपासा. पाणी साफ झालं की तो शब्द पुसला जातो. आयुष्यभर मी तो असाच वापरला.

आमचं गाव पोखर्णीच्या रस्त्यावर, फाट्यापासून थोडं आत. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आमची बौद्ध वस्ती. गावात मारुतीच्या पाराजवळ जुना आड आहे. आमच्या वस्तीत हापसा आहे आणि तो माझ्या वडिलांनी आणला, असं वस्तीत आजही म्हणतात. दादा, म्हणजे माझे वडील, लहानपणी आजीबरोबर त्या आडाच्या ओट्याखाली घागर घेऊन उभे राहायचे. वरून कुणी पाणी घालील तेव्हा घालील. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. मोठे झाल्यावर त्यांनी हापशासाठी परभणीच्या कचेऱ्यांत इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई त्यांना लांबून बघूनच ‘साहेब न्हाईत’ म्हणायचा. शेवटी बोअर पाडायची गाडी आली. पाणी लागलं तेव्हा सगळी वस्ती भिजत उभी होती. दादांनी पहिला तांब्या भरला आणि स्वतः न पिता आजीला दिला. ‘आदी तू पी,’ म्हणाले. मी तेव्हा शाळेत होतो, पण तो तांब्या मला अजून दिसतो.

आता आडावर कुणी कुणाला अडवत नाही. कायदा आहे, काळही बदलला आहे. गावातली पोरं आणि आमची पोरं एकाच शाळेत खिचडी खातात. तरी नळाला पाणी नसलं की गाव आडावर जातं आणि वस्ती हापशावर जाते. तसं ठरवलेलं कुणीच नाही.

गेल्या नव्हे, त्याआधीच्या पावसाळ्यात गावात जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली. आमच्या साहेबांनी मलाच पाठवलं. ‘तुमचंच गाव आहे, दोन्ही ठिकाणचे नमुने घेऊन या.’

आधी मी वस्तीत गेलो. दादा हापशाजवळच्या दगडावर बसले होते, सोबत माय. मी थोडा वेळ पाणी उपसून सोडलं, मग स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा हापशाच्या तोंडाला लावून पेटवला.

“आरं आरं, हापशाला अग्नी द्यायलास का काय?” दादा म्हणाले.

“तोंडावरचे जंतू मरावेत म्हणून, दादा.”

“म्हंजी तपासायच्या आदीच साफ करायलास. मग सापडंल काय?”

“आतलं पाणी बघायचंय. तोंडाचं नाही.”

“हां,” ते मायकडे बघून म्हणाले, “मानसाचं बी आसंच बगाय पायजे. पोरगा शिकलाय गड्या.”

ते खूश होते. आपण आणलेल्या हापशाचं पाणी सरकार तपासतंय आणि तपासणारा आपलाच पोरगा आहे, हे त्यांना चार माणसांना दाखवायचं होतं. मी बाटली भरली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि ओढा ओलांडून गावात गेलो.

आता जे सांगायचं ते इथून.

आडाला उंच दगडी ओटा आहे. नमुना घ्यायचा तर ओट्यावर चढायचं, दोरीला बांधलेली निर्जंतुक बाटली हात न लावता आत सोडायची. नियम साधा आहे : ज्याने नमुना घ्यायचा, त्याने स्वतःच्या हातानेच घ्यायचा. शेकडो विहिरींवर मी ते केलं असेल. पण त्या ओट्याच्या पहिल्या पायरीपाशी माझा पाय थांबला. कुणी अडवलं नव्हतं. पारावर बसलेली दोन माणसं तर मोबाइलमध्ये डोकं घालून होती. खिशात ओळखपत्र, हातात सरकारी डबा, पन्नाशीला आलेला माणूस, आणि पायरी चढवेना.

आडासमोरच्या घरातल्या काकू अंगणात होत्या. आमच्या मायच्याच वयाच्या. त्यांनी मला बघितलं.

“कोन, पलीकडच्या मास्तरचा का?”

दादा कधी मास्तर नव्हते. वाचता येतं म्हणून गावाने लावलेलं नाव.

“हो काकू. पाण्याचा नमुना पाहिजे होता.”

“थांबा, थांबा. तुमी कशाला चढायलात? आना इकडं, मी देते भरून.”

त्या ‘तुमी कशाला चढायलात’चा अर्थ काय, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नक्की सांगता येत नाही. मी बाटली त्यांच्या हातात दिली. देताना जे वाटलं ते लिहितो, कारण तीच माझी खरी चूक आहे : मला सुटल्यासारखं वाटलं.

काकू बाटली घेऊन आडाकडे गेल्या नाहीत, घरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला. परत आल्या तेव्हा बाटली बाहेरूनही धुतलेली होती आणि पाणी गारेगार. आडाचं पाणी पावसाळ्यात इतकं गार नसतं. ते जारचं विकतचं पाणी होतं, किंवा माठातलं, गाळलेलं. मला त्याच क्षणी समजलं. ‘काकू, हे नको, आडाचं पाहिजे,’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग दोरी घेऊन मलाच वर जावं लागलं असतं. मी बाटलीवर ‘सार्वजनिक आड’ अशी चिठ्ठी लावली आणि निघालो.

निकाल काय आला असेल ते वाचणाऱ्याला कळलंच असेल. आड पिण्यास योग्य. हापसा दूषित.

हापशाचा निकाल खोटा नव्हता. त्याच्या ओट्याला भेग पडली होती आणि सांडपाण्याची नाली तिथूनच जात होती. ग्रामपंचायतीच्या माणसाने नियमाप्रमाणे हापसा लाल रंगवला आणि वर पत्रा लावला : ‘पाणी दूषित आहे. पिऊ नये.’ वस्तीतल्या बायकांनी आडावरून पाणी आणावं, असं ठरलं.

पुढच्या रविवारी मी घरी गेलो तर दादा त्याच दगडावर बसलेले, आणि हातात तांब्या. लाल हापशाचंच पाणी पीत होते.

“दादा, हे काय करताय? वाचलं नाही का?”

“वाचलं की. म्हनून तर पितोय.”

“अहो, जंतू आहेत त्यात. दूषित म्हणजे फक्त तेवढंच. तुमच्याबद्दल काही नाही ते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “साहेब,” म्हणाले. मला त्या दिवसापासून ते साहेब म्हणायला लागले. “साहेब, तुमी ह्यो शबूद कालेजात शिकलात. आमी शाळंत जायच्या आदी शिकलो. त्यांचं पानी चांगलं अन् आमचं बाटलेलं, ह्ये आमाला नवं न्हाई. फकस्त आदी पत्र्यावर लिहीत नव्हते. अन् लिहिलं कोनी? आमच्याच पोरानं.”

“बाटलेलं कुठं लिहिलंय?”

“मग काय लिहिलंय?”

मी त्यांना कॉलिफॉर्म जंतू समजावून सांगायला लागलो. आतडं, मैला, झिरपणं. दादा शांतपणे ऐकत होते. मी बोलून दमलो तेव्हा त्यांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

माय आडावरून पाणी आणायची. दादा त्याला शिवायचे नाहीत. ती म्हणायची, “जिंदगीभर तिथं खाली हुबं ऱ्हायलेला मानूस हाय. आता म्हातारपनी त्यालाच तिकडं धाडायलास व्हय रे?” मी क्लोरीनचे थेंब दिले. दादांनी ते शेळीच्या पाण्यात घातले; शेळी पिईना, तर म्हणाले, “बगा, तिला बी अक्कल हाय.”

आडाच्या बाटलीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं तर दादांना समजावताना माझ्या तोंडात बळ नव्हतं ते यामुळेच. एकाला योग्य आणि दुसऱ्याला दूषित म्हणणारा निकाल विज्ञानाचा आहे असं मी म्हणत होतो, आणि त्यातला अर्धा विज्ञानाचा नव्हता, माझ्या पायाचा होता. दादा ज्याला जुनी गोष्ट म्हणत होते ती खरोखरच त्या निकालात घुसली होती. ती मी घुसवली होती. आणि हे सांगायचं तर आधी पायरीचं सांगावं लागणार. ज्या माणसाने हापसा आणला त्याला काय सांगू, की तुमचा शिकलेला पोरगा आडाच्या पायरीपाशी आजही लहान होतो?

मग कळलं की काकूंनाच गंगाखेडला दवाखान्यात ठेवलंय, सलाइनवर. आडाचं पाणी. ‘योग्य’ म्हटल्यावर गावाने उकळणं सोडून दिलं होतं, पावडरही बंद केली होती. काकू चार दिवसांत घरी आल्या, पण ते ऐकल्यावर माझं जेवण गेलं. तोवर मी समजत होतो की माझ्या गप्प राहण्याचं नुकसान फक्त आमच्या वस्तीला होतंय, आणि आपल्यांचं नुकसान करायचा जणू आपल्याला हक्कच असतो. तरीही मी बोललो नाही. साहेबांच्या टेबलापर्यंत जायचो आणि दुसरंच काही विचारून परत यायचो.

त्यानंतर दादांना हगवण लागली. माय फोनवर म्हणाली, “सकाळपून उठना झालेत. दवाखान्यात चला म्हनलं तर न्हाई म्हनायलेत. तूच ये.”

मी पोचलो तेव्हा ते ओसरीत पडले होते, ओठ सुकलेले, शेजारी तोच तांब्या. मी मीठ-साखरेचं पाणी केलं. त्यांनी विचारलं, “कुठलं पानी हाय?”

“आडाचं. उकळून आणलंय.”

त्यांनी तोंड फिरवलं.

तेव्हा मी बोललो. कसा ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्यांच्या पायाकडे बघून बोलत होतो. पायरी सांगितली, काकू सांगितल्या, गार बाटली सांगितली, चिठ्ठी सांगितली. आडाचं पाणी कधी तपासलंच गेलं नाही, हे सांगितलं. माय दारात उभी राहून ऐकत होती.

मला वाटलं, आता शिव्या येतील; यायलाच हव्या होत्या. दादांच्या खांद्याला हिसके बसायला लागले. मी घाबरून वर बघितलं तर ते हसत होते. हसताना पोटात कळ येत होती, तरी हसत होते.

“आगं ऐकलंस का? म्हंजी आडाचं काय हाय ते कुनालाच मालूम न्हाई!”

“नाही, दादा.”

“अन् त्या बाईनं सरकारला बिसलरी पाजली?”

“तसंच झालं.”

“अन् तू आनलीस.” हसू ओसरलं. माझ्याकडे त्यांनी नीट बघितलं, हापसा लाल झाल्यापासून पहिल्यांदाच. “पायरी चढवंना व्हय?”

मी मान हलवली.

“माजा बी पाय थरथरतो रे,” ते म्हणाले. “म्हनून तर हापसा आनला. मला वाटायचं, तुजं तरी गेलं आसंल.” मग हात पुढे केला. “आन ते पानी. पितो. पन बरा झालो की तू माज्यासंगं आडावर यायचं. वरी चढायचं. तुज्या हातानं भरायचं. काय निघंल ते निघंल.”

ते सगळं पाणी प्यायले. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि मला एकदम भूक लागली. मायने भाकरी आणि ठेचा दिला. इतक्या चवीने भाकरी मी कित्येक दिवसांत खाल्ली नव्हती.

साहेबांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते चिडले, चिडायलाच हवं होतं. लेखी समज मिळाली. गावाला लगेच फोन गेला की पाणी उकळूनच प्यावं, आणि नवीन नमुने घ्यायला मलाच पाठवलं. “आता तुम्हीच निस्तरा,” म्हणाले.

दादा काठी टेकत सोबत आले. सकाळची वेळ होती, काकू अंगण झाडत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगितलं, की त्या दिवशी तुम्ही दिलेलं पाणी आडाचं नव्हतं हे मला समजलं होतं, तरी मी बोललो नाही, आणि म्हणून तुम्ही आजारी पडलात.

काकूंनी झाडू भिंतीला टेकवला.

“आन् आता सांगायलास व्हय रे? सलाइन लावून आल्यावर?”

“हो.”

“मला काय बाबा माहीत! नमुना म्हनलास तू. मोंढ्यात ज्वारी न्यायची तर नमुना म्हनून कोन किडकी मूठ दाखवतं? चांगलीच दाखवतेत की! गावाचं पानी परभणीला जायलंय, म्हनून मी जारचं काढून दिलं, वरून बाटली राखेनं घासली.” मग दादांकडे वळून, “काय हो मास्तर, पोराला तोंड न्हाई का तुमच्या?”

“हाय,” दादा म्हणाले, “पन ते बी हापशावानीच हाय. लय हापसावं लागतंय.”

काकू हसल्या. मी डबा उघडला. काकूंनीच ओट्यावरचा दोर बाजूला सारला आणि म्हणाल्या, “चढा. पायरीला शेवाळ हाय, जपून.”

त्या दिवशी ‘तुमी कशाला चढायलात’ असं का म्हणालात, हे मला विचारायचं होतं. शेवाळामुळे, पाहुणा म्हणून, की आणखी कशामुळे. विचारलं नाही. कदाचित त्यांनाही ते आता वेगळं काढून सांगता आलं नसतं. मी चढलो. पाय थरथरलाच. बाटली खाली सोडली, भरली, वर घेतली. खाली दादा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, जिथे लहानपणी उभे राहायचे बहुतेक तिथेच, पण मान वर करून माझ्याकडे बघत होते.

मोठ्या बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या. पण आमच्याकडे एक छोटी कुपीही असते. तिच्यात पाणी ओतून उबेला ठेवायची; जंतू असले तर पाणी काळं पडतं. दादांना डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून मी दोन कुप्या भरल्या, एक आडाची आणि एक हापशाची. कुप्यांच्या बुडाला चिठ्ठ्या लावल्या आणि काकूंच्याच देवळीत ठेवल्या, चुलीच्या उबेजवळ. त्या रात्री मी गावातच राहिलो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही गेलो. पारावरची माणसंही आली होती. काकूंनी कुप्या ओट्यावर आणून मांडल्या. दोन्ही काळ्याकुट्ट. शाईच्या दौती ठेवाव्यात तशा.

“आगं माय,” काकू म्हणाल्या. “ह्ये पीत होतो आमी?”

दादा वाकून बघत होते. या कुपीकडून त्या कुपीकडे, पुन्हा या.

“ह्यातली आपली कोनती?”

“थांबा, खाली चिठ्ठी आहे.” मी एक कुपी उचलायला गेलो.

त्यांनी माझा हात धरला. “ऱ्हाऊ दे. नको बगू.”

प्रयोगशाळेचा निकालही तोच आला. आडाला रंग कुठे लावणार, म्हणून कठड्यावर लाल पट्टा ओढला आणि हापशासारखाच पत्रा लावला. रंगवणाऱ्याला दादांनी विचारून घेतलं की रंग त्याच डब्यातला आहे ना. तो म्हणाला, “व्हय मास्तर, कामून?” दादा म्हणाले, “काय न्हाई. आसंच.” त्यानंतर त्यांनी लाल हापशाचं पाणी पिणं बंद केलं. माझ्या थेंबांचं पाणी प्यायला लागले. दवाखान्यासारखा वास येतो म्हणायचे, पण प्यायचे. दूषित हा शब्द तोच होता, पत्राही तोच. फक्त तो ओढ्याच्या दोन्ही बाजूंना लागला होता, आणि तेवढ्याने दादांसाठी तो आमच्या प्रयोगशाळेतल्याइतकाच हलका झाला. मी मात्र आता तो चहा पिता पिता वापरत नाही. कुठल्याही गावाला अयोग्य लिहिताना एक ओळ जास्त लिहितो : घाण कुठून झिरपते आणि काय केलं की जाईल. साहेब म्हणतात, एवढं नको. मी लिहितो.

हिवाळ्यात हापशाचा ओटा नवीन झाला, नाली वळवली, बोअरमध्ये पावडर सोडली. दोनदा तपासलं. दोन्ही वेळा पिण्यास योग्य. आडाचंही झालं. लाल रंगावर हिरवा चढला तेव्हा मी गावातच होतो.

दादांनी तांब्या घासून आणला होता. मी हापसलं, त्यांनी भरून घेतला. मला वाटलं मायला देतील.

त्यांनी तो माझ्यापुढे धरला. साहेब म्हणाले नाहीत.

“आदी तू पी.”

मी प्यायलो. क्लोरीनचा किंचित वास होता, आणि लोखंडाचा. लहानपणीही तसाच यायचा.